प्रोसेसर स्वस्त, खोबण महाग

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने 'खेळ खेळताना संगणक अडखळतो, प्रोसेसर बदलू या' अशी मागणी केली की मध्यमवर्गीय घरात प्रथम किमतीची चौकशी होते. किंमत आवाक्यातील वाटते आणि होकार मिळतो. मग कळते की, नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसत नाही आणि नव्या मदरबोर्डवर जुनी मेमरी चालत नाही. एका वस्तूसाठी बाजूला काढलेल्या पैशांत तीन वस्तू बसवाव्या लागतात. वरवर पाहता हा मुलांच्या करमणुकीचा प्रश्न आहे. परंतु त्याच्या मुळाशी अर्थशास्त्रातील जुनाच पेच आहे. परस्परपूरक वस्तूंचा मेळ किती काळ टिकावा, हे कोणी ठरवायचे?

या बाजारात इंटेल आणि एएमडी हे दोनच प्रमुख उत्पादक आहेत. इंटेलने २०१७ साली आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले, तेव्हा एलजीए ११५१ हे खोबणीचे नाव कायम होते, तरीही आधीचे मदरबोर्ड त्यांना अधिकृतपणे स्वीकारीत नव्हते. पुढे २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७०० आणि २०२४ मध्ये १८५१ अशा खोबणी बदलत गेल्या. एएमडीची एएम-४ खोबण मात्र दीर्घकाळ टिकली. अर्थात हे केवळ औदार्य नव्हते. मे २०२० मध्ये त्या कंपनीनेही, बायोसच्या चिपची क्षमता अपुरी असल्याचे कारण देऊन, ४०० मालिकेच्या बोर्डांना पुढील पिढीचे प्रोसेसर नाकारले होते. ग्राहकांनी निषेध केला आणि काही दिवसांतच निर्णय फिरला. २०२२ मध्ये तर त्याहून जुन्या ३०० मालिकेलाही ही सवलत मिळाली. तांत्रिक म्हणून सांगितलेली प्रत्येक अडचण अटळ नसते, हाच याचा अर्थ.

तेव्हा खरेदीदाराने हिशेब प्रोसेसरपासून नव्हे, तर मदरबोर्डापासून मांडावा. घरी एएम-४ बोर्ड असेल, तर त्याच्या उत्पादकाने दिलेली प्रोसेसरांची यादी आधी पाहावी. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करून रायझन ५ ५६०० सारखा सहा कोअरचा प्रोसेसर बसवता येत असेल, तर बोर्डाचा आणि मेमरीचा खर्च उद्भवतच नाही. सर्वच नव्याने घेणाऱ्याने एएम-५ चा विचार करावा. किमान २०२७ पर्यंत ती खोबण चालू ठेवण्याचे आश्वासन कंपनीने दिले आहे. मात्र तिला डीडीआर-५ मेमरीच लागते. इंटेलच्या १७०० खोबणीचे काही बोर्ड जुनी डीडीआर-४ स्वीकारतात, पण तेथे पुढची वाट बंद आहे. ६५ वॅटच्या प्रोसेसरसाठी भपकेबाज बोर्ड घेणे व्यर्थ होय. वाचलेला रुपया ग्राफिक्स कार्डावर खर्चावा. बहुतेक खेळांचा वेग मुख्यतः त्यावरच अवलंबून असतो.

जुनी मेमरी वाचवण्याला आज विशेष महत्त्व आले आहे. जगातील बहुतांश मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढताच २०२५ च्या उत्तरार्धात भाव भडकले आणि डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. अल्पाधिकाराच्या बाजारात सामान्य ग्राहकाचे स्थान शेवटचे असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली. त्याच तत्त्वाने, मदरबोर्ड किती वर्षे नवे प्रोसेसर स्वीकारील, हे खोक्यावर छापण्याचे बंधन उत्पादकांवर घालावयास हवे. औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. महिन्याच्या पगारातून साठवून घेतलेल्या यंत्राची मुदत मात्र ग्राहकाला पैसे मोजून झाल्यावर का कळावी?