टॉवर उभा झाला, पण लाइन गेली की नेटवर्क का जाते?

गडचिरोली : गावात मोबाइल टॉवर आला की नारळ फुटतो, फोटो निघतो, बातमी होते. मग पावसाळा लागतो, जंगलात कुठेतरी झाड तारांवर पडते, लाइन जाते आणि काही तासांत टॉवरही गप्प होतो. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, धानोरा, कोरची या तालुक्यांतल्या लोकांना हे नवीन नाही. प्रश्न असा की, टॉवरमध्ये बॅटरी असते, चार्जर असतो, काही ठिकाणी सोलरही असते. मग लाइन गेल्यावर नेटवर्क टिकत का नाही?

याचे उत्तर टॉवरच्या उंचीत सापडत नाही. ते खाली, कुंपणाच्या आतल्या एका लोखंडी कपाटात आहे. त्या कपाटाला रेक्टिफायर किंवा पॉवर प्लांट म्हणतात. ते कसे बसवले आणि चालू करताना नीट तपासले की नाही, यावर गावाचे नेटवर्क अवलंबून असते.

संख्या वाढली, तास कोण मोजणार?

नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत ४जी पोहोचवण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २७ जुलै २०२२ रोजी २६,३१६ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. काम बीएसएनएलकडे गेले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातल्या झारसुगुडा येथून पंतप्रधानांच्या हस्ते ९७,५०० हून अधिक ४जी टॉवरचे लोकार्पण झाले. यंत्रणा देशी बनावटीची आहे. हे काम मोठे आहे, त्यात शंका नाही.

पण सरकारी आकड्यात टॉवर किती उभे झाले ते येते. गावाला वेगळा आकडा पाहिजे असतो : महिन्यातले किती तास टॉवर चालू होता? रात्री बांधीवरून येताना कुणाला साप चावला तर १०८ ला फोन त्याच क्षणी लागला पाहिजे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा फोन हाच रस्ता उरतो. धान खरेदीची ऑनलाइन नोंदणी, ई-पीक पाहणी, केवायसी, रेशनचा अंगठा, बँकमित्राकडून पैसे काढणे, सगळे नेटवर अडकले आहे. वीज पडण्याची सूचना देणारे दामिनी ॲपसुद्धा नेट असेल तरच कामाचे. आणि लाइन जाण्याची वेळ बहुतेकदा वादळपावसाचीच असते. म्हणजे नेटवर्कची गरज सर्वांत जास्त असते, तेव्हाच ते जाते.

कपाटात नेमके काय असते?

घरात येणारी वीज २३० व्होल्टची एसी. टॉवरवरची यंत्रे मात्र ४८ व्होल्ट डीसीवर चालतात. एसीचे डीसी करण्याचे काम रेक्टिफायर करतो. त्याचा जो डीसी निघतो, त्याच्यावर दोन गोष्टी एकाच वेळी चालतात : टॉवरची यंत्रे आणि बॅटरीचे चार्जिंग. लाइन गेली की बॅटरी त्याच तारेवरून यंत्रांना वीज देऊ लागते. मध्ये एक सेकंदही खंड पडत नाही.

बॅटरी म्हणजे २ व्होल्टचे २४ सेल, एकाला एक जोडलेले. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडल्या तरी ४८ व्होल्ट होतात. पण ट्रॅक्टरची बॅटरी दोन सेकंद जोरात स्टार्टर फिरवायला बनवलेली असते, टॉवरची बॅटरी तासन् तास हळूहळू वीज द्यायला. एकीचे काम दुसरी करू शकत नाही.

अजून एक फरक आहे. ट्रॅक्टरमध्ये निगेटिव्ह वायर बॉडीला असते. टॉवरमध्ये उलटे, पॉझिटिव्ह अर्थला जोडतात. जुन्या टेलिफोन एक्सचेंजच्या काळापासून ही पद्धत आहे, कारण तसे केल्याने जमिनीतल्या तांब्याच्या केबलला ओल लागून गंज कमी चढतो. म्हणून गाडीची वायरिंग करणाऱ्याच्या सवयीने इथे हात घातला तर महागडी यंत्रे जळू शकतात.

टाकी, मोटर आणि ठिबक

शेतकऱ्याला हा हिशेब लवकर कळेल. बॅटरी म्हणजे टाकी, रेक्टिफायर म्हणजे मोटर आणि टॉवरची यंत्रे म्हणजे ठिबक. ठिबक चोवीस तास चालूच राहणार. मोटरला ठिबकचे पाणी पुरवायचे आहे आणि टाकीही भरायची आहे.

समजा टॉवरचा लोड १ किलोवॅट आहे. ४८ व्होल्टवर तो साधारण २० अँपिअर होतो. बॅटरी २०० एएचची असेल तर कागदावर १० तास निघतात. पण बॅटरी पूर्ण रिकामी करत नाहीत, ८० टक्केच वापरली तर ८ तास. बॅटरी जुनी होऊन अर्धी क्षमता उरली असेल तर ४ तास. आपल्याकडच्या उन्हाळ्याचा मार वेगळाच. साध्या शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २७ अंश तापमान धरून सांगितलेले असते, आणि त्यावर दर १० अंशाला ते निम्म्यावर येते. मे महिन्यात बंद पत्र्याच्या कपाटात काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

आता चार्जिंगचे बघा. अशी बॅटरी तिच्या एएचच्या १० टक्के करंटने भरतात, म्हणजे २०० ला २० अँपिअर. लोडचे २० आणि चार्जिंगचे २०, एकूण ४० अँपिअर लागतात. रेक्टिफायरचे एक मॉड्यूल २५ अँपिअरचे धरले तर दोन लागतील, आणि एक बिघडले तर अडू नये म्हणून तिसरे जास्तीचे.

पैसे वाचवायला तिसरे बसवलेच नाही आणि दोनपैकी एक विजेच्या झटक्यात गेले, तर काय होईल? उरलेल्या २५ मधले २० लोड खातो. बॅटरीला राहतात ५. सात-आठ तासांत भरणारी टाकी आता भरायला दीड दिवस लागतो. त्यात रोज दोन-चार तास लाइन जात असेल तर ती कधीच पूर्ण भरत नाही.

खरी गोम इथेच आहे. लाइन आहे तोपर्यंत नेटवर्क झकास चालते. गावाला कळत नाही, कंपनीला ओरड जात नाही. बिघाड दिसतो तो पुढच्या वेळी लाइन गेल्यावर, म्हणजे नेमका पुराच्या रात्री.

बसवताना कुठे चुकते?

चांगला तंत्रज्ञ आधी येणारी लाइन मोजतो. ग्रामीण भागासाठीचे रेक्टिफायर ९० ते ३०० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतात, तरी न्यूट्रल सुटले किंवा व्होल्टेज त्याच्याही बाहेर गेले तर ते बंद पडतात. मग अर्थिंग. उथळ खड्डा, मुरमाड जागा आणि उन्हाळ्यात वाळलेली माती असेल तर अर्थिंग नावालाच राहते. वीज कोसळली की तिला जमिनीत जायला वाट मिळत नाही आणि ती मॉड्यूलमधून वाट काढते. अर्थिंग मीटर लावून मोजायचे असते, अंदाजाने नाही.

त्यानंतर बॅटरी न जोडता रेक्टिफायर चालू करून आउटपुट आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह तपासतात. मग प्रत्येक सेलचा व्होल्ट मोजून, नट ठरलेल्या ताकदीने आवळून बॅटरी जोडतात. ढिला नट गरम होतो, तिथेच वितळतो.

पुढचे काम कंट्रोलरच्या सेटिंगचे. शिसे-आम्ल बॅटरीचे नेहमीचे चार्जिंग ५४ व्होल्टच्या आसपास ठेवतात, रिकामी झाल्यावर जोराचे चार्जिंग साधारण ५५ वर. बॅटरी ४३-४४ व्होल्टवर उतरली की ती कायमची खराब होऊ नये म्हणून लोड आपोआप तोडला जातो. ‘बॅटरी होती तरी टॉवर बंद पडला’ असे लोक म्हणतात, तेव्हा बरेचदा हेच झालेले असते. आता लिथियमच्या बॅटऱ्याही येत आहेत. त्यांचे आकडे वेगळे. बॅटरी बदलली आणि सेटिंग जुनेच राहिले तर नवी बॅटरीही अर्धीच भरते.

शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची आणि घाईत सर्वांत आधी तीच सुटते. लाइन मुद्दाम बंद करून, पूर्ण लोडवर बॅटरी किती तास चालते ते घड्याळ लावून बघायचे. चालू लोडवर एक मॉड्यूल काढून बघायचे. लाइन गेली, बॅटरी उतरली, मॉड्यूल बिघडले, दार उघडले, असा प्रत्येक अलार्म कंपनीच्या कंट्रोल रूमला खरेच पोहोचतो का ते फोन करून विचारायचे. याला पूर्ण दिवस जातो. ठेकेदाराचे बिल मात्र सहीवर निघते. उद्घाटनाची तारीख आधीच ठरलेली असली तर कोणती तपासणी टाळली जाईल, हे ओळखायला अवघड नाही.

सोलर आणि साखळी

दुर्गम भागातले बरेच नवे टॉवर सोलरवर आहेत. डिझेल वाहून न्यायचा त्रास त्यामुळे वाचतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये सलग आठ-दहा दिवस आभाळ असते. पॅनल आणि बॅटरी उन्हाळ्यातल्या उन्हावर मोजून घेतली असेल तर झडीत ती पुरणार नाही. हिशेब झडीचाच धरला पाहिजे.

दुसरी बाब साखळीची. एका टॉवरचा सिग्नल दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जातो. मधला टॉवर विजेअभावी बंद पडला की पुढची चार गावे आपापली बॅटरी भरलेली असूनही बंद. म्हणून मधल्या टॉवरला जास्त तासांची बॅटरी असायला पाहिजे.

दोष फक्त कंपन्यांचा आहे असेही नाही. बॅटऱ्या आणि तांब्याच्या वायरी चोरीला जातात, जनरेटरचे डिझेल उपसले जाते. जंगलातून जाणारी वीजवाहिनी दुरुस्त व्हायला दिवस लागतात, तो भाग महावितरणचा. पण रोज चार तास लाइन जाणाऱ्या जागी शहराच्या मापाची बॅटरी बसवायची की नाही, हा निर्णय कंपनीचाच असतो.

नियमाची फट

ट्रायच्या सेवा-दर्जा नियमांत टॉवर बंद राहण्याची मर्यादा एकूण वेळेच्या २ टक्के आहे. ३० दिवसांच्या महिन्यात ते होतात १४ तास २४ मिनिटे. ऐकायला कडक वाटते. पण हिशेब सर्कलचा धरतात आणि मुंबई सोडून अख्खा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल होते. पुणे-नागपूरचे हजारो टॉवर चोवीस तास चालले की एटापल्लीतला पाच दिवस बंद असलेला टॉवर सरासरीत दिसतही नाही.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांत भरपाईचीही तरतूद आहे. जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ. मात्र एकच टॉवर, एकच गाव बंद असेल तर ते जिल्ह्याच्या मापात बसत नाही. कायद्याच्या नजरेत तो बिघाड फार लहान असतो, गावासाठी मात्र तेच सगळे नेटवर्क असते.

ग्रामसभेने काय विचारावे?

टॉवरसाठी जागा देताना किंवा एनओसीचा ठराव घेताना गावाच्या हातात थोडे वजन असते. तेव्हाच हे पाच प्रश्न लेखी विचारून ठेवावेत :

१. लाइन गेल्यावर पूर्ण लोडवर टॉवर किती तास चालेल, आणि तशी चाचणी कोणत्या तारखेला झाली?

२. रेक्टिफायरची मॉड्यूल किती, त्यात जास्तीचे आहे का?

३. अर्थिंग कधी मोजले आणि पुन्हा कधी मोजणार?

४. टॉवर कोणत्या फीडरवर आहे? शेतीच्या फीडरवर असेल तर रोजच्या बंद वेळेचा हिशेब बॅटरीत धरला आहे का?

५. बंद पडल्यास कुणाला फोन करायचा? नंबर कुंपणावर लिहिला आहे का?

दुसरे काम वहीचे. टॉवर कधी बंद पडला, तेव्हा लाइन होती का, किती वाजता चालू झाला, हे ग्रामपंचायतीत लिहून ठेवावे. लाइन गेल्यानंतर तासाभरातच टॉवर बंद होत असेल तर बॅटरी संपली आहे किंवा भरतच नाही, एवढे त्या वहीवरून कळते. लाइन असताना बंद होत असेल तर बिघाड दुसरा आहे किंवा साखळीतला मधला टॉवर गेला आहे.

तक्रार कंपनीच्या कस्टमर केअरला करून डॉकेट नंबर घ्यावा. समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते, त्याला पैसे लागत नाहीत. त्यानंतर दूरसंचार विभागाचे तक्रार पोर्टल आहे. ‘नेटवर्क येत नाही’ एवढीच तक्रार टाळता येते. ‘या महिन्यात लाइन गेल्यावर अकरा वेळा बंद, प्रत्येक वेळी तासाभरात, बॅटरी आणि मॉड्यूल तपासा’ अशी तारीखवार तक्रार टाळणे अवघड जाते.

बॅटरी तपासायची, नट आवळायचे, अर्थिंगचे खड्डे भिजवायचे, ही कामे पावसाळ्याआधीची आहेत. एकदा रस्ते बंद झाले की तंत्रज्ञ इच्छा असूनही टॉवरपर्यंत पोहोचू शकत नाही. म्हणून मे महिन्याच्या ग्रामसभेत एक विषय टॉवरचा घ्यावा.