जीर्ण उन्नत मार्गाचे काय करावे?

शहराच्या मध्यातून, जमिनीपासून काही मीटर उंचीवर, खांबांच्या रांगेवर उभे असलेले द्रुतगती मार्ग ही प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या मध्यावरची निर्मिती होय. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या झपाट्याने वाढली, उपनगरे दूरवर पसरली आणि कमीत कमी वेळात शहर ओलांडणे हे नगररचनेचे एक प्रमुख उद्दिष्ट मानले जाऊ लागले. त्या काळात बांधलेले बरेच मार्ग आज साठ-सत्तर वर्षांचे झाले आहेत. त्यांचे काँक्रीट ढासळते आहे आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो आहे. अशा वेळी ‘दुरुस्ती करावी, नव्याने बांधावे की पाडून टाकावे?’ हा प्रश्न उपस्थित होतो आणि तो सहसा अभियंत्यांकडे सोपवला जातो. प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे ते असे की, मार्ग कसा टिकवावा हे ठरवण्याआधी तो कोणासाठी टिकवावा हे ठरवले पाहिजे आणि हा निर्णय नागरिकांनी संकट येण्यापूर्वी, शांतपणे घेतला पाहिजे.

विवेचनासाठी कॅनडातील टोरांटो शहराचे उदाहरण घेऊ. ओंटारिओ सरोवराच्या काठाने जाणारा ‘गार्डिनर एक्सप्रेसवे’ १९५५ ते १९६६ या काळात टप्प्याटप्प्याने बांधण्यात आला. टोरांटो महानगर परिषदेचे पहिले अध्यक्ष फ्रेडरिक गार्डिनर यांचे नाव त्याला देण्यात आले. या मार्गाचा शहराच्या मध्यभागातील पट्टा उन्नत आहे. त्या काळी सरोवराचा काठ गोदामे, कारखाने आणि लोहमार्ग यांनी व्यापलेला असल्यामुळे तेथून मार्ग नेण्यात कोणाला फारसे गैर वाटले नाही. पुढे कारखाने हलले, काठावर निवासी इमारती आणि उद्याने आली; मार्ग मात्र होता तेथेच राहिला.

तो जीर्ण का झाला, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. काँक्रीट स्वभावतः अल्कधर्मी असते, त्यामुळे त्याच्या आतील पोलादी सळ्यांवर एक संरक्षक थर तयार होतो. टोरांटोत हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. हे खारट पाणी सांध्यांतून आणि भेगांतून आत झिरपते. त्यातील क्लोराइड तो थर भेदते, सळ्या गंजतात आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्यामुळे भोवतालचे काँक्रीट आतून फुटते. २०१२ मध्ये गार्डिनरच्या खालच्या बाजूने काँक्रीटचे तुकडे वारंवार पडले, तेव्हा हा प्रश्न सर्वसामान्यांच्या चर्चेत आला.

पूर्वेकडील पट्ट्यासाठी आरंभी चार पर्याय मांडले गेले : आहे ते राखणे, त्यात सुधारणा करणे, नवे बांधणे आणि काढून टाकणे. पुढे त्यांत आणखी एकाची भर पडली. त्याला ‘हायब्रिड’, म्हणजे संमिश्र पर्याय, असे नाव मिळाले. अखेर दोन पर्याय उरले. मार्ग काढून तेथे जमिनीवर रुंद रस्ता करण्याचा शंभर वर्षांचा एकूण खर्च सुमारे ४६ कोटी कॅनेडियन डॉलर, तर संमिश्र पर्यायाचा खर्च सुमारे ९२ कोटी, म्हणजे जवळजवळ दुप्पट, असा अंदाज होता. शहराच्या मुख्य नियोजक जेनिफर कीस्माट यांचे मत मार्ग काढण्याच्या बाजूचे होते. महापौर जॉन टोरी संमिश्र पर्यायाच्या बाजूने होते. मार्ग काढल्यास मोटारीने येणाऱ्यांचा प्रवास काही मिनिटांनी लांबेल, हा मुद्दा चर्चेत निर्णायक ठरला. जून २०१५ मध्ये नगर परिषदेने २४ विरुद्ध २१ मतांनी संमिश्र पर्याय स्वीकारला.

भाषेच्या अभ्यासकाला या पर्यायांची नावे विचार करण्याजोगी वाटतात. ‘संमिश्र’ या शब्दातून समतोल, तडजोड, दोन्ही पक्षांचे समाधान असे अर्थ सूचित होतात. प्रत्यक्षात त्या पर्यायात मार्गाचा मोठा भाग उन्नतच राहणार होता. ‘काढून टाकणे’ या नावातून केवळ हानीच जाणवते. त्याच्या बदल्यात मिळणारा रस्ता, मोकळी होणारी जमीन, वाचणारा पैसा यांपैकी काहीही त्या नावात येत नाही. आपल्या मराठीतही हेच घडते. ‘उड्डाणपूल’ या शब्दात झेप आहे, तर ‘पूल पाडला’ या वाक्यात पराभवाची छटा आहे. ‘रस्ता जमिनीवर आणला’ असे आपण म्हणत नाही. सार्वजनिक निर्णयात पर्यायाचे नाव हाही त्याच्या बाजूचा किंवा विरोधातला एक युक्तिवाद असतो, याचे भान नागरिकाने ठेवावयास हवे.

दुसरी बाजूही न्याय्यपणे मांडली पाहिजे. गार्डिनर पाडला म्हणजे शहर आणि सरोवर एक होतील, असे म्हणणे अतिशयोक्त आहे. कारण मध्ये लोहमार्गांचा रुंद पट्टा आहेच. दूरच्या उपनगरांत राहणाऱ्या आणि जवळ रेल्वे नसलेल्या कामगाराला ती ‘काही मिनिटे’ रोज मोजावी लागतात. मालवाहतुकीलाही मार्ग हवा असतो. शिवाय उभ्या असलेल्या मार्गाखालची जागा उपयोगात आणता येते. २०१८ पासून गार्डिनरच्या पश्चिम भागाखाली ‘बेंटवे’ ही सार्वजनिक जागा खुली झाली असून हिवाळ्यात तेथे लोक बर्फावर स्केटिंग करतात. म्हणून प्रत्येक उन्नत मार्ग पाडावा, असा सरसकट निष्कर्ष काढता येणार नाही. मात्र याच मार्गाचा डॉन नदीच्या पूर्वेकडील एक तुकडा २००१ पर्यंत पाडून तेथे जमिनीवरचा रस्ता करण्यात आला आणि शहराचे व्यवहार चालू राहिले, हेही विसरता येत नाही.

निर्णय लांबणीवर टाकल्याने काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात सापडते. तेथील ‘एम्बार्काडेरो फ्रीवे’ हा दुमजली उन्नत मार्ग बंदरकाठाला झाकून टाकत असे. १९८६ मध्ये तो पाडण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी लोमा प्रिएटा भूकंप झाला. त्यात पलीकडच्या ओकलंड शहरातील अशाच रचनेचा सायप्रस स्ट्रीट उन्नत मार्ग कोसळून ४२ माणसे मृत्युमुखी पडली. एम्बार्काडेरोचेही नुकसान झाले आणि १९९१ मध्ये तो पाडण्यास आरंभ झाला. आज तो खुला काठ शहराचे भूषण मानला जातो. परंतु या गौरवकथेत एक बाजू सहसा सांगितली जात नाही. हा मार्ग ग्राहकांना चायनाटाउनपर्यंत आणत असे, म्हणून तेथील व्यापाऱ्यांचा पाडण्यास तीव्र विरोध होता. मार्ग काढण्यासाठी आग्रह धरणारे महापौर आर्ट ॲग्नोस १९९१ ची निवडणूक हरले. त्या वस्तीला भरपाई म्हणून ज्या भुयारी रेल्वेचा आग्रह धरला गेला, ती प्रत्यक्षात २०२२ मध्ये सुरू झाली. एका पिढीचा व्यवसाय तोवर संपून गेला.

दक्षिण कोरियातील सोल शहराने भूकंपाची वाट पाहिली नाही. चंग्येचॉन ओढ्यावर स्लॅब टाकून त्यावर उभारलेल्या उन्नत मार्गाला मोठ्या दुरुस्तीची गरज होती. महापौर ली म्युंग-बाक यांनी २००३ मध्ये तो पाडण्यास सुरुवात केली आणि २००५ मध्ये सुमारे सहा किलोमीटरचा ओढा पुन्हा खुला झाला. त्याच सुमारास, २००४ मध्ये, शहराच्या बससेवेची पुनर्रचना होऊन बससाठी स्वतंत्र मार्गिका वाढवण्यात आल्या. मोटारींचा मार्ग काढताना लोकांना दुसरे साधन दिले गेले, हे या प्रयोगाच्या यशाचे महत्त्वाचे कारण मानावे लागेल. तरीही ओढ्यात आज पंपाने पाणी सोडावे लागते आणि त्या परिसरातील फेरीवाल्यांना प्रथम एका क्रीडांगणात व नंतर पुन्हा अन्यत्र हलवण्यात आले. सौंदर्य सर्वांच्या वाट्याला आले, पण त्याची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही.

या उदाहरणांवरून माझ्या मते चार गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, नियमित तपासणी आणि तातडीची डागडुजी यांबाबत कोणतीही तडजोड असू नये. अंतिम निर्णय काहीही असो, खालून चालणाऱ्याच्या डोक्यावर काँक्रीट पडता कामा नये. दुसरी, खर्चाचा हिशोब बांधकामापुरता न मांडता मार्गाच्या संपूर्ण आयुष्याचा मांडावा आणि त्यात खाली राहणाऱ्यांना सोसावा लागणारा धूर, आवाज व अंधार यांचाही समावेश करावा. तिसरी, जेथे बहुतेक वाहतूक स्थानिक आहे आणि ती रस्ते, बस व रेल्वे यांत सामावू शकते, तेथे मार्ग काढणे हाच पहिला पर्याय मानावा आणि तो टिकवण्याची गरज सिद्ध करण्याची जबाबदारी टिकवू इच्छिणाऱ्यांवर असावी. चौथी, पर्यायी साधन आणि विस्थापितांची भरपाई ही पाडकामानंतरची आश्वासने नसावीत. ती पाडकामापूर्वीची अट असावी. मोकळी झालेली जमीन सार्वजनिक राहील, याची हमीही त्याच वेळी दिली जावी.

हा प्रश्न महाराष्ट्रालाही दूरचा नाही. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने मुंबईत सुमारे पन्नास उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला होता. ते पूल आता पंचविशीच्या आसपास आहेत. आपल्याकडे बर्फावर मीठ टाकावे लागत नसले, तरी मुंबईत समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस आहे. पुण्यात विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल जीर्ण होण्यापूर्वीच, २०२० मध्ये, मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी पाडावा लागला. पुढच्या गरजांचा विचार न करता बांधलेली रचना किती लवकर अडचणीची ठरते, हे त्यातून दिसले.

आपण या अभ्यासक्रमात मराठीचा अभ्यास करीत आहात. आपल्यापैकी अनेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकत आहेत आणि कदाचित अशाच एखाद्या पुलावरून किंवा पुलाखालून रोज ये-जा करीत असतील. आपल्या शहरातील पुलांविषयीचे प्रस्ताव, नोटिसा आणि बातम्या मिळवून वाचाव्यात. त्यांत कोणते पर्याय मांडले आहेत, त्यांना कोणती नावे दिली आहेत आणि कोणाचा उल्लेखच आलेला नाही, हे तपासावे. हरकती व सूचना मागवल्या जातात तेव्हा आपले म्हणणे स्वच्छ मराठीत, मुदतीच्या आत लिहून द्यावे.