जमिनीखालचा पाइप कुणाच्या दप्तरात?

रस्त्याचे काम निघते. जेसीबीचा दात लागतो, पाण्याचा फवारा उडतो आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. इथून पाइपलाइन गेली होती हे कुणाला ठाऊक होते का? ग्रामपंचायतीच्या दप्तरात नकाशा असतो, पण तो अंदाजपत्रकाला जोडलेला, म्हणजे काम सुरू होण्याआधीचा. प्रत्यक्षात पाइप कुठून वळवला, कुठे लोखंडी टाकला आणि कुठे प्लॅस्टिकचा, हे एकट्या जुन्या वॉलमनला माहीत. तो थकला की गावाचा नकाशाही गेला.

एक जोड मारला की पाणी सुरू होते, त्यात एवढे काय, असे कुणी म्हणेल. पण नोंद नसलेल्या पाइपाची किंमत अमेरिकेतल्या एका शहराने कशी मोजली, ते आपल्या सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी वाचण्यासारखे आहे. मिशिगन राज्यातले फ्लिंट हे ते शहर. तेव्हा वस्ती लाखाच्या आसपास.

एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायचे म्हणून फ्लिंटने डेट्रॉइटकडून येणारे सरोवराचे पाणी बंद केले आणि गावच्याच नदीचे पाणी शुद्ध करून नळाला सोडले. रस्त्यातल्या मोठ्या लाइनीपासून घरापर्यंतचे हजारो पाइप तिथे शिशाचे होते. आधीच्या पाण्यात फॉस्फेट मिसळलेले असे. त्यामुळे पाइपाच्या आत पापुद्रा धरला होता आणि शिसे सहसा पाण्यात उतरत नव्हते. नदीच्या पाण्यात क्लोराइड जास्त, आणि फॉस्फेट तर घातलेच नाही. पापुद्रा सुटला आणि शिसे घरोघरी पोहोचले. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी घेणे थांबवले, कारण यंत्राचे भाग गंजत होते. कारखान्याला दुसरे पाणी मिळाले. पोरंबाळं मात्र तेच पीत राहिली.

शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून शिसे जात नाही, उलट पाणी आटते आणि शिशाचे प्रमाण वाढते. टीसीएल पावडरने जंतू मरतात, शिसे जागच्या जागी राहते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. पोरगं शाळेत मागे पडतं आणि आपण त्याच्या डोक्याला दोष देतो.

मग तपासणी झाली नव्हती का? झाली होती. पण कशी? नमुना घेण्याआधी नळ काही मिनिटे सोडून द्या, असे लोकांना सांगितले गेले. रात्रभर पाइपात मुरलेले पाणी निघून गेले आणि बाटलीत आले ते ताजे. २०१५ च्या अहवालातून तर जास्त शिसे निघालेले दोन नमुने वगळले गेले आणि कागद नियमात बसला. लीअ‍ॅन वॉल्टर्स या गृहिणीच्या घरच्या पाण्यात त्याच वर्षी लिटरला ०.३९७ मिलिग्रॅम शिसे निघाले. आपल्याकडची मर्यादा आहे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास चाळीस पट. ही बाई गप्प बसली नाही. तिने व्हर्जिनिया टेक विद्यापीठातले प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांना गाठले. सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातले वाढलेले शिसे आकड्यांनिशी मांडले. ऑक्टोबरमध्ये जुने पाणी पुन्हा सुरू झाले.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. शिशाचे पाइप काढायचे, पण ते नेमके कोणत्या घरांना? दप्तरात निघाली सुमारे ४५ हजार जुनी कार्डे, कित्येक पेन्सिलीने लिहिलेली, कित्येक चुकीची. शेवटी खड्डा खणून बघण्यावाचून इलाज राहिला नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी घराचे वय, जागा, जुन्या नोंदी यांवरून कुठे शिसे असेल याचा संगणकाने अंदाज बांधला. २०१७ मध्ये दहा खड्ड्यांपैकी सुमारे सात ठिकाणी बदलण्याजोगे पाइप सापडले. पुढच्या वर्षी ठेकेदार बदलला, प्रत्येक वॉर्डात काम दिसले पाहिजे असा आग्रह धरला गेला आणि तो अंदाज बाजूला पडला. दहा हजारांवर खड्डे झाले, शिसे निघाले दीड हजारांच्या आसपास. मग २०१९ मध्ये पुन्हा संगणकाची यादी हातात घेतली. सुमारे ११ हजार शिशाचे पाइप बदलून काम पुरे झाल्याचे सरकारने कोर्टाला कळवले, तेव्हा २०२५ चा जुलै उजाडला होता.

वॉर्डावार वाटप आपल्याला नवीन नाही. म्हणून ही गोष्ट सांगितली.

आपल्या खेड्यांत फ्लिंटसारखे शिशाचे पाइप नाहीत. तेवढ्यासाठी घाबरून जाण्याचे कारण नाही. पण पीव्हीसी पाइप तयार करताना तो उष्णतेने खराब होऊ नये म्हणून शिशाचे क्षार घालण्याची पद्धत आपल्या देशात वर्षानुवर्षे होती. अशा पाइपातून, विशेषतः तो नवा असताना, थोडे थोडे शिसे पाण्यात उतरू शकते. केंद्र सरकारने याबाबत नियम केले ते २०२१ मध्ये. त्याआधीचा पाइप गावोगावी जमिनीत आहेच. पितळी तोट्यांतही शिसे असू शकते. आणि आपल्याकडे पाणी दिवसाआड, कुठे चार दिवसांनी. बाकी वेळ लाइनीत उरलेले पाणी तसेच मुरत पडते.

आता आपली तपासणी बघा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच दिला, प्रशिक्षण दिले, हे चांगले काम झाले. पण त्या संचात पीएच, नायट्रेट, फ्लोराइड, क्लोरीन कळते, शिसे कळत नाही. हिरवे कार्ड मिळाले म्हणून आपण पेढे वाटतो. ते कार्ड मुख्यतः स्वच्छता आणि टीसीएलबद्दल बोलते, पाइप कशाचा आहे याबद्दल नाही. आणि नमुना घेतला जातो तो बहुधा विहिरीवर किंवा टाकीवर. दूध डेअरीत चांगले निघाले म्हणून घरच्या पातेल्यातले चांगलेच असेल काय?

तेव्हा चार गोष्टी कराव्यात. पैशापेक्षा त्यांना इच्छाच जास्त लागते.

एक, नळयोजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होते त्या कागदावर सही करण्याआधी प्रत्यक्ष टाकलेल्या पाइपाचा नकाशा मागावा. कोणत्या गल्लीत कोणता पाइप, किती खोल, कोणत्या साली, हे त्यात हवे. बिलाच्या प्रती आणि पाइपावरच्या छापाचा फोटो जोडावा. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपावर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४९८५ हा क्रमांक असतो. एकदा सही झाली की ठेकेदार भेटत नाही.

दोन, जुन्या वॉलमनला बरोबर घेऊन एक दिवस गाव फिरावे आणि तो सांगेल ते नोंदवहीत उतरवावे. पुढे दुरुस्तीला खड्डा निघेल तेव्हा पाइप कशाचा निघाला, ही ओळ त्याच दिवशी लिहावी.

तीन, शाळा आणि अंगणवाडीच्या नळाचा नमुना सकाळी पहिल्या धारेचा घ्यावा, नळ आधी सोडून न देता. शिशाची तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत होते, बाटली कोणती लागते, हे आधी विचारावे आणि अर्जात शिसे हा शब्द स्पष्ट लिहावा. न मागता ती तपासणी होईल, या भरवशावर राहू नये.

चार, विहिरीवरून बोअरवर, बोअरवरून धरणाच्या योजनेवर, असे पाणी बदलले की तपासणी पुन्हा करावी. पाइप तोच असला तरी पाणी बदलले की पाइपाचे वागणे बदलते, हाच तर फ्लिंटचा धडा.

आणि नमुना वाईट निघाला तर तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. गावाची बदनामी होईल म्हणून दाबून ठेवला, तर तोवर तेच पाणी अंगणवाडीतली पोरं पिणार. सातबारावर गुंठ्याची चूक झाली तरी आपण तलाठ्याकडे दहा हेलपाटे घालतो. ज्या पाइपातून पोरांच्या पोटात पाणी जाते, त्याच्या नोंदीसाठी एक हेलपाटा घालायला काय हरकत आहे?