नंबर आहे, आडोसा नाही

आम्ही खानदेशी माणसं मोठी हिशेबी. कापसाचा, केळीचा भाव सकाळच्या चहाआधी मोबाईलवर पाहतो. पण १४४१६ हा आकडा कशाचा, हे जळगावच्या बाजारात विचारून पाहा. ही ‘टेलिमानस’, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारने सुरू केलेली, मोफत, चोवीस तास. मराठीतही बोलता येतं. राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. खानदेशच्या वाट्याला एकही नाही. म्हणजे फोनवरचा समुपदेशक ही इथे चैन नव्हे. तो आलाही. अडलंय आपल्या उंबऱ्यात.

साक्रीकडच्या एखाद्या सुनेने हा नंबर लावायचा कुठून? फोन नवऱ्याच्या खिशात, घर एका खोलीचं, सासू जागी. ‘कोणाशी बोलत होतीस?’ हे लगेच विचारतील. ‘तुला काय होतंय?’ हे कोणी विचारणार नाही. भगताकडे मात्र तिला गाडी करून नेतील. उताऱ्याचा कोंबडा उधारीवर आणतील, त्याची लाज नाही. लाज मानसोपचाराच्या गोळ्यांची. त्या डाळीच्या डब्यात लपवायच्या, कारण नणंदेचं लग्न व्हायचंय.

अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींनी ११ जून १९५० ला स्वतःचं जीवन संपवलं. आम्ही त्यांना ‘हळवे’ म्हणून हार घातला आणि सुटलो. आसोद्याच्या बहिणाबाईंची मनावरची कविता पोरांकडून घोकून घेतो, गुणही देतो. तेच पोर ‘मन लागत नाही’ म्हणालं की ‘नाटकं बंद कर’.

२०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येच्या प्रयत्नामागे तीव्र ताण गृहीत धरला आणि शिक्षेचं भय काढलं. गावाने आपली शिक्षा चालूच ठेवली आहे.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यात, मानसिक आरोग्याच्या ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातल्याच माणसांच्या हाती मोबाईल दिले. त्यावरच्या छोट्या फिल्म दाखवायच्या आणि मग समोरच्याचं ऐकत बसायचं. पेठ काही आपल्याहून श्रीमंत नाही.

टॉवरसाठी भांडणाऱ्या सरपंचांनी ग्रामसभेत एकदा एवढंच मागावं: एक खोली, दाराला आतून कडी, आत एक फोन. मागची रांग काय विचारेल तेही ठाऊक आहे: ‘आपला गावमा याडं कोन शे?’