खवले मांजराचा हिशेब



जीवदया म्हटलं की आपल्याला पांजरपोळ आठवतं, गोशाळा आठवते, पाखरांसाठी टाकलेले दाणे आठवतात. आज ज्या जीवाबद्दल लिहिते आहे, त्याला आपले दाणे नकोत आणि देणगीही नको. त्याला फक्त जगू द्यायला हवं.

तो जीव म्हणजे खवले मांजर. नाव मांजराचं, पण मांजराशी नातं नाही. अंगभर खवले, तोंडात एकही दात नाही. आपल्या सह्याद्रीत, कोकणात राहतं. दिवसा बिळात झोपतं, रात्री वारूळ उकरून लांब चिकट जिभेनं मुंग्या आणि वाळवी खातं. भीती वाटली की अंगाची गुंडाळी करतं. बिबट्यापुढे ही युक्ती चालते. माणूस मात्र तो गोळा उचलून सरळ पोत्यात घालतो.

कशासाठी? खवल्यांसाठी. कुणी मूळव्याधीवर खवल्याची अंगठी घालतं, बाकीचे चोरवाटेनं परदेशात जातात. आपली नखं ज्या केराटिनची, त्याचेच हे खवले. नखं कापून कुणाचा आजार बरा झालाय का? चीननंसुद्धा २०२० साली आपल्या अधिकृत औषधसूचीतून ते काढून टाकले.

मी कॉमर्सची. मागणी वाढली की भाव वाढतो, भाव वाढला की मालही वाढतो, असं आम्ही शिकलो. इथे माल वाढतच नाही. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, ते ती शेपटीवर बसवून फिरवते. कोंडून पाळावं तर ते जगवणं फार कठीण. म्हणजे भाव चढेल तसं जंगलच रिकामं होणार. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आहे. पण नुसता शिकारी पकडून भागत नाही, गिऱ्हाईक संपलं पाहिजे.

कुणी म्हणेल, तेही मुंग्या खातंच की! खातं, तो त्याचा स्वभाव. त्याला दुसरं अन्न नाही. अंगठी घेणाऱ्याला मात्र नको म्हणता येतं. करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्हींत दोष आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो. पैसे मोजून खवला घेणं हे करवणंच झालं.

चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था कोकणातल्या गावांना सोबत घेऊन या प्राण्यासाठी काम करते. डुगवे गावात तर त्याची प्रतिकृती पालखीत ठेवून खवलोत्सव झाला. गाव एवढं करतं, तर आपण घरबसल्या तीन गोष्टी करू. असली अंगठी, ताईत कुणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणू. गावाकडच्या जमिनीतलं वारूळ उगाच पाडू देणार नाही. आणि विक्रीची कुणकुण लागली तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करू. फोनला पैसे पडत नाहीत, पुण्य मात्र पदरात पडतं.