नौकेचे रूपक आणि नौकेची डागडुजी

मराठी कवितेत आजवर जितक्या नौका बुडाल्या किंवा पैलतीरी लागल्या, त्यांपैकी एकीचीही डागडुजी झाल्याचे ऐकिवात नाही, असे विधान केले तर ती फार मोठी अतिशयोक्ती ठरेल काय? संतांच्या भवसागरापासून नवकवींच्या दिशाहीन गलबतापर्यंत नाव आहे, नावाडी आहे, वादळ आहे, दीपस्तंभ आहे. क्वचित तळाशी पाणीही शिरते. पण ते नाव बुडावी म्हणून. ते का शिरले, गेल्या पावसाळ्यात फटी कोणी भरल्या होत्या आणि त्या कामाचे पैसे कोणी दिले, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. रूपकाला देखभाल लागत नाही. कवीला ही सोय परवडते. समीक्षेनेही तीच सोय स्वीकारावी, याला मात्र आमचा आक्षेप आहे.

किनवटच्या प्राध्यापकांनी शिडाच्या होडीविषयी बोलावे, याचे काहींना हसू येईल. समुद्र आमच्यापासून शेकडो मैल दूर. आमच्या गावाला पाणी दिसते ते पैनगंगेचे, आणि तिच्यात शीड उभारून कोणी जात नाही. परंतु जुनी शिडाची होडी मुख्यतः दोन वस्तूंची बनलेली असते, सागवान आणि कापूस. फळ्या सागवानाच्या, फळ्यांमधील फटींत ठासलेला कापूस, आणि नायलॉन येण्यापूर्वी शीडही कापडाचेच. सागवानाचे जंगल आमच्या तालुक्यात आहे आणि कापूस आमच्या जिल्ह्याच्या बोलीत, कर्जात आणि ‘नांदेड-४४’ या वाणाच्या नावात आहे. तेव्हा होडी ही केवळ कोकणच्या माणसाने बोलायची गोष्ट आहे, हे आम्ही मान्य करीत नाही.

आता जुनी होडी बाळगणे म्हणजे काय, ते पाहू. लाकडी होडी दर वर्षी पाण्याबाहेर ओढावी लागते. तळाला चिकटलेले शेवाळ आणि कवची जीव खरवडावे लागतात. ते तसेच राहिले तर होडी जड होते आणि शिडाला तिला ओढवत नाही. मग प्रत्येक सांधा तपासायचा, कुजलेला कापूस उपसायचा, नवा ठासायचा, वर राळ-तेलाचे लुकण भरायचे, तेल द्यायचे, रंग द्यायचा. डोलकाठीच्या बुडाशी पाणी मुरते, तेथे टोचून पाहायचे. परभाणाला शीड जेथे बांधलेले असते तेथे दोर घासतो. तो तुटण्याआधी बदलायचा, कारण तुटला की तो भर वाऱ्यातच तुटतो. लोखंडी खिळा गंजला की भोवतालचे लाकूडही खातो. आणि यातली सर्वांत विलक्षण बाब अशी की होडी फार दिवस कोरडीत ठेवली तरी ती बिघडते. लाकूड आक्रसते, फटी उघडतात. पुन्हा पाण्यात घातल्यावर ती आरंभी गळते आणि फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत कोणाला तरी पाणी उपसत बसावे लागते. न वापरता जपून ठेवण्याची वस्तू ती नव्हेच. (आमच्या काही ग्रंथालयांनी हे ध्यानी घ्यावे. असो.)

एवढ्या ज्ञानाला आपण काय म्हणतो? ‘डागडुजी’. आणि या शब्दाचा समीक्षेत उपयोग काय? निंदेसाठी. फसलेल्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीला डागडुजी म्हणायचे, जमून न आलेल्या कवितेला ठिगळ म्हणायचे, आणि गौरवाचा शब्द एकच, ‘नवनिर्मिती’. ठिगळ वेळेवर न लावलेले शीड पहिल्या जोराच्या वाऱ्यात उभे फाटते, हे ठाऊक असलेल्या भाषेने हा शब्द शिवीसारखा वापरला नसता.

कुसुमाग्रजांचे ‘कोलंबसाचे गर्वगीत’ (‘विशाखा’, १९४२) आम्ही सर्वांनी शिकवले आहे. ती कविता थोर आहेच. वाद कवितेशी नाही, ती शिकवण्याच्या पद्धतीशी आहे. अनंत सागराला आव्हान देणारा कोलंबस आपण वर्गात उभा करतो आणि तास संपवतो. इतिहासातल्या कोलंबसाला चौथ्या सफरीत सागराने नव्हे, एका किड्याने हरवले. लाकूड पोखरणाऱ्या, शिंपल्याच्या कुळातल्या त्या किड्याने त्याच्या जहाजांच्या तळांची चाळण केली. चारांपैकी दोन जहाजे वाटेतच सोडावी लागली. उरलेल्या दोहोंतले पाणी रात्रंदिवस उपसत १५०३ च्या जूनमध्ये त्याने ती जमैकाच्या किनाऱ्यावर चढवली आणि पुढे वर्षभर तो तेथेच अडकून पडला. एवढी माहिती विद्यार्थ्याला दिली तर कविता लहान होईल, अशी भीती कोणाला वाटते? आम्हांला वाटते, गर्वाची किंमत कळल्याने ती अधिक भेदक होईल.

याउलट जोशुआ स्लोकमचे पाहा. १८९२ मध्ये त्याला ‘स्प्रे’ नावाचे एक जुने गलबत फुकट मिळाले. ते कुरणात टेकू देऊन ठेवलेले होते. लांबी ३६ फूट ९ इंच. त्याने जवळचा ओक पाडला, तेरा महिने खपून एकेक फळी बदलली आणि साहित्यावर ५५३ डॉलर ६२ सेंट खर्च केले. १८९५ ते १८९८ या काळात त्याच गलबतातून त्याने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारा तो पहिलाच. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की १९०० साली आलेल्या त्याच्या पुस्तकात तो हिशेब छापलेला आहे. सगळे लाकूड बदलल्यावर गलबत जुनेच राहिले की नवे झाले, हा प्रश्नही तो सुतारकाम सांगता सांगताच घेतो. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची वाट पाहत नाही. पुढे उतारवयात त्याचा हात सैल झाला, गलबताची रया गेली, असे पाहणाऱ्यांनी नोंदवले आहे. अखेर तो ‘स्प्रे’सकट समुद्रात नाहीसा झाला. इंग्रजी वाचकाने हे पुस्तक साहित्य म्हणूनच वाचले. मराठीत कोणी असा हिशेब लिहिला असता तर आपण तो ‘माहितीपर’ म्हणून बाजूला ठेवला असता.

‘असता’ कशाला? ठेवलेलाच आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ मराठी गद्याचा मानदंड म्हणून आपण नेमतो. प्रश्न येतात ते राजनीतीवर आणि दुर्गांवर. त्यातच आरमाराचे प्रकरण आहे. पावसाळ्यात जहाजे किल्ल्याच्या आश्रयाच्या बंदरी कशी छावणीस न्यावीत, हे त्यात आहे. लाकडाविषयीही आहे: आंबा-फणसाला हात लावू नये, रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, झाड जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन तोडावे. ही अवतरणे पर्यावरणदिनाच्या फलकावर हल्ली दिसतात. पण ती मुळात जहाजाच्या लाकडाची चिंता आहे, हे सांगायचे राहून जाते. मराठी गद्याच्या एका उत्तुंग ठिकाणी डागडुजीला राजमुद्रेची प्रतिष्ठा होती. ती आपण, म्हणजे मराठीच्या प्राध्यापकांनी, काढून घेतली.

वर्तमानपत्रांचेही तेच. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने परतीच्या वाटेवर तिला मॉरिशसला थांबावे लागले होते. तीच नौका २०२४ च्या ऑक्टोबरात दोन अधिकाऱ्यांसह पुन्हा निघाली आणि २०२५ च्या मे महिन्यात परतली. दोन्ही वेळा स्वागताची छायाचित्रे आली. मधल्या वर्षांत तिचे काय काय बदलले, यावर मराठीत एक परिच्छेदही आमच्या वाचनात आला नाही.

यामागे केवळ आळस नाही. होडी सांधणारे कोळी, गाबित, भंडारी, खारवी, दालदी लिहीत नव्हते. लिहिणारे होडी सांधत नव्हते. ज्याच्या हाताला राळ लागते त्याच्या बोलण्याला साहित्य न मानणे ही अभिरुची नव्हे, ती जातीची शिस्त आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी हे अंतर मिटवायला हवे होते. त्यांनी कोळीगीते गोळा केली, वेश गोळा केला, नारळी पौर्णिमेचे विधी गोळा केले. फट कशी भरतात ते विचारले नाही. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीत गलबताच्या अवयवांची नावे विखुरलेली आहेत. शीड जाऊन यंत्र आल्यावर ती बोलणारी माणसे झपाट्याने कमी झाली. गाणे ध्वनिफितीवर उरते. कापूस किती घट्ट ठासावा, हे ठासणाऱ्या हाताजवळ बसल्याशिवाय उतरवून घेता येत नाही.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर येतात आणि ही सारी कामे तेव्हा चालतात. संशोधक येतात नारळी पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे रंग वाळल्यावर. जूनमध्ये महाविद्यालयांत प्रवेशाची गर्दी असते, रजा मिळत नाही, हे आम्हांलाही ठाऊक आहे. तरी जायचे असेल तर जूनमध्येच जायला हवे.