तलाव होळकरांचे, राखण आपली

इंदूरच्या मराठी माणसाला होळकरांचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण हा अभिमान जयंती-पुण्यतिथीच्या हारांपुरता उरला, तर होळकरांनी मागे ठेवलेले पाणी आपल्या डोळ्यांदेखत नासेल.

धार रोडवरचा सिरपूर तलाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होळकर संस्थानाने बांधला. गंभीर नदीवरचा यशवंत सागर १९३० च्या दशकातला. शहराला तो आजही पाणी देतो. २०२२ साली दोन्ही तलावांना 'रामसर' यादीत स्थान मिळाले. २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूरही देशातील पहिल्या 'पाणथळ शहरां'पैकी एक ठरले.

हे सारे सरकारी फायलींमुळे घडले असे कोणी समजू नये. सिरपूरवर अतिक्रमण, वृक्षतोड, चोरटी मासेमारी चालू असताना आपल्यातलेच भालू मोंढे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे तिथे पाय रोवून उभे राहिले. मोंढ्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सत्कार केले, फोटो काढले. त्यांच्या कामाला हात किती जणांनी लावला?

मानपत्राने तलाव वाचत नाही. सांडपाणी आत शिरले की जलपर्णी माजते, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि माशांबरोबर पक्षीही जातात. यशवंत सागर हा मध्य भारतातील सारसांचा मोठा आधार. सारसाची जोडी पावसाळ्यात उथळ पाण्यात, कधी पाणी साचलेल्या शेतातही घरटे करते. म्हणजे तिची पिले वाचणे न वाचणे बांधावरच्या शेतकऱ्याच्या हाती असते. घरट्यासाठी पिकाचा तुकडा सोडणाऱ्या शेतकऱ्याला नुसता उपदेश देऊन भागणार नाही. त्याच्या नुकसानीचा वाटा शहराने उचलला पाहिजे. कारण त्या तलावाचे पाणी शहर पिते.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार अशा जागी अतिक्रमण करणे, कचरा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांना बंदी आहे. तेव्हा निगम निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो मराठी असो वा अमराठी, आपण विचारू या : तलावात उतरणारे नाले कधी बंद करणार? तारीख सांगा.

आणि विचारण्याआधी आपले अंगण झाडू या. आपल्या मंडळांच्या गणेशमूर्ती शाडूच्याच असाव्यात, विसर्जन कुंडातच व्हावे. दर जानेवारीत होणाऱ्या पाणपक्षी गणनेला प्रत्येक घरातून एक तरी मूल जावे. बांधावरच्या शेतकऱ्यांसाठी समाजाच्या वर्गणीतून एक छोटा निधी निघावा.

होळकरांनी तलाव बांधताना पाणी कोणत्या जातीच्या, कोणत्या भाषेच्या घरात जाईल हे पाहिले नाही. या गावात आपण पिढ्यान्‌पिढ्या नांदलो. गावाचे ऋण फेडायचे, तर सुरुवात या काठांवरून करू या.